‘घेई छंद’ची खरी चाल कोणती? : पेटीमास्तरांना विचारा

गुरुजी नमस्कार. आमच्या गावच्या मंडईत, म्हंजे जत्रेत, यंदा मंडळाचं नाटक हाय. नाटक सामाजिकच हाय पण पडदा उघडायच्या आधी दोन नाट्यपदं म्हनायचं ठरलं. माह्या पुतण्यानं मोबाईलवर ऐकून ‘घेई छंद मकरंद’ बसवलं. आता झालं असं का मोबाईलवर दोन सापडले, एक हळू अन् एक झपाट्याचं. शब्द तेच, चाल अलग. आमचे तबलावाले म्हनते हळू वालं खरं, दुसरं मागून कोणीतरी फास्ट केलं. पोट्टे म्हनते फास्टच म्हन, टाळ्या भेटतात. खरं कोणतं? अन् हळूतून मधातच फास्टमधी गेलं तर चालते काय?
– एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका

भाऊ, दोन्ही खरी. आणि मधातच एकातून दुसऱ्यात जायचं नाही, तेवढं पाळा, पुढचं वाचलं नाही तरी तुमचा कार्यक्रम निभेल.

पण वाचणार असाल तर बसा जरा, कारण हा प्रश्न मला गेल्या दोनतीन वर्षांत कितीतरी जणांनी विचारला, आणि तबलावाल्यांची समजूत आहे ना ‘मागून कोणीतरी फास्ट केलं’, ती सगळीकडे आहे. मागून कोणी काही केलेलं नाही. ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक २४ डिसेंबर १९६७ ला आलं, आणि त्यातच या एका पदाला दोन चाली आहेत, दोन्ही जितेंद्र अभिषेकी बुवांच्या, दोन्ही मुद्दाम केलेल्या. एक पंडितजींच्या तोंडी, एक खाँसाहेबांच्या तोंडी. २०१५ चा सिनेमा पाहून पोट्ट्यांना गोष्ट माहीत झाली असेलच, तरी थोडक्यात सांगतो. विश्रामपूरच्या दरबारात पंडित भानुशंकर राजगायक, आणि खाँसाहेब आफताब हुसेन बरेलीवाले हे त्यांच्यासमोर उभे, दोघांचं घराणं वेगळं, गाण्याकडे बघायची नजर वेगळी, आणि राजगायकाला जी कट्यार मिळते तिच्यावर एक खून माफ. म्हणजे भांडण गाण्याचं आहे आणि जिवावरचं आहे.

आता नाटककाराची अडचण बघा. दोन गवई वेगळे आहेत हे सांगायचं कसं? पात्रांनी उभं राहून ‘माझं घराणं असं, तुमचं घराणं तसं’ म्हणून व्याख्यान दिलं असतं तर लोकांनी मधातच घराकडे पाय वळवले असते. म्हणून शब्द एकच ठेवले आणि चाली दोन केल्या. शब्द वेगळे असते ना, तर आपल्याला वाटलं असतं की फरक शब्दांतला आहे. शब्द सारखेच असल्यामुळे जो काही फरक कानाला लागतो तो निव्वळ त्या माणसाचा. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला राग ओळखू नाही आला तरी चालते, त्याला माणूस ओळखू येतो.

शब्द आहेत नाटककाराचेच, पुरुषोत्तम दारव्हेकरांचे, नागपूरचे दारव्हेकर मास्तर. साधं चित्र आहे, भुंगा कमळात बसला मध प्यायला, कमळ मिटलं, हा आतच अडकला, तरी याची गुणगुण काही थांबत नाही. पहिलीच ओळ हळू म्हणून बघा: छंद, मकरंद, मिलिंद, मग पुढे आनंद, स्वच्छंद, धुंद. मोजा, सहा वेळा ‘ंद’. आणि या अनुस्वाराचा उच्चार काय, तर द च्या आधीचा न. जीभ वरच्या दातांच्या मुळाशी टेकते, तोंडातली वाट बंद होते आणि आवाज नाकातून घुमतो. म्हणजे गाणाऱ्याच्या डोक्यातच भुंगा बसल्यासारखा आवाज होतो! आणि ‘छंद’ म्हणजे नाद लागणं तर आहेच, पण कवितेचं वृत्त म्हणजेही छंदच. मास्तर शब्दाला शब्द चिकटवणारे नव्हते, घुमणारे शब्द त्यांनी हुडकून आणले असं मी तरी मानतो.

आता हेच सहा ‘ंद’ दोन चालींत दोन वेगळी कामं करतात ते बघा, मला यातच सगळी गंमत वाटते. पंडितजींची चाल सालगवराळी रागात आहे, हा कर्नाटकी पद्धतीकडून आलेला राग, कोमल रिषभ, कोमल गंधार, म्हणजे रे आणि ग जरा उतरलेले, कानाला तोडी रागाची सावली वाटते. तिथे प्रत्येक शब्दाला बसायला जागा आहे, ‘मकरंद’ मधला न घुमतो, विरतो, मग पुढचा शब्द येतो. भुंगा कमळात बसलेला आहे, घाई कशाची. खाँसाहेबांची चाल धानीत. पाच सुरांचा राग: सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम, कोमल निषाद (काही गवई उतरताना रिषभाला हलका हात लावून येतात, ते सोडा). चंचल राग, ठुमरी-दादऱ्याच्या घरी ज्याचं जास्त जाणंयेणं. तिथे त्याच ‘ंद’ ला घुमायला वेळच नाही, तो ठोक्यासारखा पडतो, छंद्-रंद्-लिंद्, जसा तबल्यावर बोल पडावा. भुंगा अजून उडतोच आहे, कमळ मिटायचं आहे. किंवा मिटलेलं असेल तर हा पाकळ्या फोडून बाहेर येईल असा त्याचा आवेश आहे. खाँसाहेबांचं काम करणाऱ्या वसंतराव देशपांड्यांनी रंगमंचावर ज्या झपाट्यानं ते म्हटलं त्यात मला तरी हेच ऐकू येते. कवी एकच, पण एका गवयाला बसलेला भुंगा दिसला आणि दुसऱ्याला उडणारा.

हे वाचून पटलं नाही तर पेटी ओढा समोर. सा धरा काळी दोन, म्हणजे सप्तकातली दुसरी काळी पट्टी. आता फक्त काळ्या पट्ट्यांवरून वर चला: काळी दोन, तीन, चार, पाच, मग वरच्या सप्तकातली काळी एक आणि परत काळी दोन. झाला धानी. एकही पांढरी लागली नाही. लहान पोराला सांगा काळ्यांवर वाटेल तसा हात फिरव, तो काहीही वाजवेल तरी धानीच्या आसपासच राहील. आणि बोटं कशी पळतात बघा, मधात अडथळाच नाही. आता तोच सा ठेवून सालगवराळीकडे जा, पहिलंच पाऊल कोमल रिषभावर, म्हणजे काळी दोनच्या अगदी अंगाला लागून असलेली पांढरी तीन. काळीवरून बोट खाली घसरते, थांबते, मग गंधाराला काळी तीनवर चढते. ते जे घसरणं आणि थांबणं आहे ना, तीच पंडितजींची चाल. बोटालाच कळते, कानाला नंतर कळते.

हे मला कसं कळलं त्याची गोष्ट सांगतो, पुस्तकातून नाही कळलं. आमच्या भागातल्या एका हौशी मंडळानं कट्यारमधले दोन प्रवेश बसवले होते, पेटीवर मी. गाणारे दोघंही काळी दोनमधेच गाणारे, योगायोग. जानेवारीचा महिना, धानाचं बांध असलेलं वावर साफ करून मंडप टाकलेला, रात्री दहाला सुरू व्हायचं ते साडेअकराला सुरू झालं, तोवर असं दव पडलं की पेटीवर टाकलेली शाल पिळता आली असती. पंडितजी उभे राहिले, मी सा दिला, बोट पांढरी तीनवर टाकलं आणि पट्टी खाली गेली ती वर येईचना. लाकूड फुगलेलं. ती एकच पट्टी. बरं, बसली ती दाबलेलीच बसली, म्हणजे कोमल रिषभ एकसारखा ‘पींऽऽ’ करून वाजू लागला. मी नखानं उचलली, वर बांबूची काडी अडकवली, आता ती वाजेच ना. आणि त्या पदात त्या सुरावाचून चालत नाही! करावं काय, मी पूर्ण पद नुसता सा आणि पंचम धरून बसलो तानपुऱ्यासारखा. गाणाऱ्यानं एकदा माझ्याकडे असं पाहिलं की बस. पण गडी पक्का होता, रिषभ त्यानं त्याच्या गळ्यातून लावला, पेटीच्या आधाराशिवाय, आणि तो सूर थोडा खालीच, जिथे असायला पाहिजे तिथे लागला, पेटीवर तो तिथे नसतोच.

मग खाँसाहेब उठले, धानी सुरू झाला, आणि माझी पेटी जशी काही झालंच नाही अशी धावली. सगळं काळ्यांवर! ती मेलेली पांढरी लागलीच नाही. पद संपेपर्यंत मी मनातल्या मनात हसत होतो. सकाळी चहाच्या टपरीवर गावातले एक म्हातारे भेटले, म्हणाले, ‘मास्तर, पयल्या गान्यात पेटी वाजवली नाई तं बेस झालं जी, त्या मान्साचं दुख ऐकू आलं.’ मी खरं कारण सांगितलं नाही.

तेव्हा तुमच्या पुतण्याला सांगा, गळा जो म्हणेल ते निवडा. आवाज पातळ आणि पळणारा असेल तर धानीचं घ्या, पण वेगात ‘मकरंद’चा द गिळू नका, ‘मकरन् मिलिन्’ असं ऐकू येते आणि मागच्या रांगेतल्या माणसाला वाटते कोण्या पोराला हाक मारून राहिले. आठ दिवस आधी तालाशिवाय नुसते शब्द मोठ्यानं म्हणायला लावा. हळू चाल घेतली तर उलटं, ‘छं’चा स्वर पूर्ण लांबवा आणि न अगदी शेवटी लावा, आधीच तोंड मिटलं तर आवाज नाकात कोंडतो आणि सर्दी झाल्यासारखं होते. मोबाईलवरचा तानपुरा लावून कोमल रिषभ रोज धरा, तो चढा लागला की संपलं. आणि टाळ्यांचं म्हणाल तर झपाट्याच्या पदाला टाळ्या लवकर भेटतात हे खरं आहे, पोट्टे खोटं बोलत नाहीत.

हळूतून फास्टमध्ये जाणं का नको, ते आता सांगायची गरज नाही. एकाच माणसाच्या अंगात अर्धे पंडितजी आणि अर्धे खाँसाहेब कसे मावतील. जायचंच असेल तर गाणारे दोन उभे करा.

काका, आमच्या आजोबांच्या ट्रंकेत जुनं संगीत नाटकाचं पुस्तक सापडलं, फाटकं आहे, वरची पानं नाहीत. त्यात प्रत्येक पदावर ‘चाल’ असं लिहून पुढे भलत्याच गाण्याचे शब्द आहेत. कुठे नुसतंच ‘साकी’ किंवा ‘दिंडी’. म्हणजे ही पदं चोरलेल्या चालींवर आहेत का?
– एक वाचक, साकोली

चोरी नका म्हणू बाप्पा, तो त्या काळचा रिवाज होता आणि उघड लिहून केलेला होता, चोर कधी पावती देते का? अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० ला झालं, १८८२ ला ‘सौभद्र’ आलं, तेव्हा रेकॉर्ड नाही, रेडिओ नाही. पद लिहिणाऱ्यानं चाल कळवायची कशी? लोकांच्या ओठावर असलेल्या गाण्याचा पहिला तुकडा वर लिहायचा, ‘याच्यासारखं म्हणा’. मग ते गाणं मराठी असो, कानडी असो की हिंदुस्थानी रागदारीतली चीज असो. साकी आणि दिंडी ही तर वृत्तंच आहेत, दिंडीच्या ओळीत एकोणीस मात्रा, नऊवर थांबा आणि पुढे दहा. त्याची चाल तुमच्या गावच्या कीर्तनकार बुवांना विचारा, ते झोपेतही म्हणून दाखवतील.

पुढे १९११ ला खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, तिथे ठुमरी, कजरीचा बाज शिरला. १९१६ ला ‘स्वयंवर’, तिथे भास्करबुवा बखल्यांनी थेट मैफलीतल्या बंदिशींचं वजन आणलं, रुक्मिणीचं ‘नाथ हा माझा’ यमनात आहे ते त्यातलंच. चाल बाहेरून आणलेली असली तरी ती कोणत्या पात्राला कोणत्या वेळी द्यायची याला डोकं लागतेच, आयता कपडाही मापाचा निवडावा लागतो. अभिषेकी बुवांपर्यंत येता येता कपडा अंगावरच बेतायला सुरुवात झाली होती, वरच्या उत्तरात त्याचाच मासला आहे. आणि त्यांनी पदं आटोपशीरही केली, नाहीतर आधीच्या जमान्यात वन्समोर घेत घेत एकेक पद असं चालायचं की पात्र मरायला टेकलेलं असलं तरी उठून परत गायचं.

पुस्तक सांभाळा. फाटकं असलं तरी ‘चाल’च्या पुढचे ते अर्धवट शब्द कामाचे आहेत, त्यातली कितीतरी मूळ गाणी आता तेवढ्या एका ओळीतच उरली असतील. पानांचे फोटो काढून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, ओल धरते.

वसंतराव देशपांडे आमच्या मूर्तिजापूरचे असं वडील सांगतात, मित्र मानत नाहीत, म्हणतात ते पुण्याचे. पैज लागली आहे.
– एक वाचक, मूर्तिजापूर तालुका

वडील जिंकले. जन्म २ मे १९२०, मूर्तिजापूर. लहानपण आणि पहिलं शिक्षण नागपूरला, शंकरराव सप्रे गुरुजींकडे. पुण्याला ते पुढे नोकरीनिमित्त राहिले, मिलिटरी अकाउंट्समध्ये होते, ३० जुलै १९८३ ला गेले तेही पुण्यातच, म्हणून मित्रांचा घोळ झाला असेल. शिवाय ‘कट्यार’ लिहिणारे दारव्हेकर मास्तर नागपूरचे. चाली देणारे अभिषेकी मात्र गोव्याच्या मंगेशीचे, तिकडे आपला हक्क सांगू नका. पैजेत काय लागलं होतं ते कळवा, तर्री पोहे असतील तर एक प्लेट इकडे.

मास्तर, हिवाळ्याच्या सीझनमध्ये पेटी रोज रात्री बाहेर, गाडीतून हाल होतात, दवानं पट्ट्या अडकतात. काय करावं? एकानं सांगितलं खोबरेल तेल सोडा.
– एक वाचक, आरमोरी

तेल सोडाल तर ज्यानं सांगितलं त्यालाच पेटी विकायची वेळ येईल. तेल लाकूड पिते, वरून धूळ धरते, आठ दिवसांत चिकट गोळा होतो. पट्टी अडकते ती बहुतेक वेळा फुगून शेजारच्या पट्टीला किंवा खालच्या खिळ्याला घासते म्हणून. प्रयोगाच्या आधी तासभर पेटी मंडपात उघडी ठेवू नका, खोक्यातच राहू द्या, वर जाड चादर, गायक उभा राहायच्या दहा मिनिटं आधी काढा आणि सगळ्या पट्ट्या एकदा खालून वर दाबून बघा, काळ्या पांढऱ्या सगळ्या. आमचे लोक हॅलोजनजवळ ठेवून शेकतात, तसं करू नका, एका बाजूनं तापून लाकूड वाकडं होते. सकाळी आल्यावर सावलीत वारा लागू द्या, उन्हात नाही.

भाता रोज बघा. आपल्या झाडीपट्टीत पेटीला दवापेक्षा उंदराची भीती जास्त, धान निघालेलं असते, उंदीर घरात असतात आणि भात्याची चामड्याची घडी त्यांना फार आवडते. मी खोक्यात डांबराच्या गोळ्या टाकतो, फडक्यात बांधून, नुसत्या टाकल्या तर रीडमध्ये घरंगळून जातात. एक गेली आहे माझ्या पेटीत, मंद्र सप्तकाच्या खाली कुठेतरी, अजून पेटी तिरपी केली की खडखडते.